अंगठा, नखे आणि केस : बालकांच्या काही सवयी व त्यांवरील उपाय

(एका तालुक्याच्या ठिकाणी अंगणवाडी सेविका, बालवाडी शिक्षिका व पालक यांच्या मेळाव्यात एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आजच्या मेळाव्यात बोलण्याची सूचना आली तेव्हा प्रथम मी नकारच कळविला होता. मी वैद्यकीय व्यवसायातील नाही. मराठी व इतिहास हे विषय घेऊन पदवी संपादन केलेला आणि गेली वीसएक वर्षे शासनाच्या योजनांची माहिती लोकांपर्यंत पोहोचविण्याचे काम करणारा मी एक माहिती अधिकारी आहे. बालरोगतज्ज्ञ डॉक्टरबाई माझ्यानंतर बोलणारच आहेत. तथापि संयोजकांनी विषय सांगितला आणि मी होकार दिला. कारण या विषयाचा एक पालक म्हणून मला अनुभव आहे, आणि तो अनुभव फारसा अभिमानास्पद नाही.

विषय आहे लहान मुलांच्या काही सवयींचा. अंगठा चोखणे, नखे कुरतडणे, ओठांची व बोटांची साल काढणे, केस बोटाभोवती गुंडाळून उपटणे. आपल्याकडे यांना सरसकट ‘खोड’ किंवा ‘चाळा’ म्हणतात. खोड म्हटली की ती मोडली पाहिजे, हा विचार पाठोपाठ येतोच. शब्दच आपल्याला काठी हाती घ्यावयास लावतो, असे मला अनेकदा वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची ११ वी आवृत्ती २०२२ पासून अमलात आली. तीत केस उपटणे व त्वचा ओरबाडणे या विकारांचा, स्वतःच्या शरीराशी पुनःपुन्हा केल्या जाणाऱ्या वर्तनांचा एक स्वतंत्र गट केलेला आहे. म्हणजे जगातील तज्ज्ञांनीही या गोष्टीची गंभीरपणे दखल घेतली आहे. मात्र दखल घेणे म्हणजे प्रत्येक अंगठा चोखणाऱ्या बाळाला रोगी ठरविणे नव्हे, हे आरंभीच स्पष्ट केले पाहिजे.

अंगठा चोखणे ही मुळात निसर्गाची देणगी होय. सोनोग्राफीच्या चित्रांत मातेच्या उदरातील गर्भही अंगठा तोंडात घेताना दिसतो. वडाच्या पानावर पहुडलेला आणि पायाचा अंगठा तोंडात घेतलेला बालमुकुंद आपण पिढ्यान्पिढ्या देवघरात पूजतो. त्या चित्राकडे पाहून ‘केवढी ही वाईट खोड’ असे कोणा आजीने म्हटल्याचे ऐकिवात नाही. चोखण्याने बाळाला शांत वाटते, झोप लागते. बहुसंख्य मुले दोन ते चार वर्षांच्या दरम्यान ही सवय आपोआप सोडून देतात. त्या काळात काहीही न करणे हाच उपाय असतो, आणि तो आपणा वडीलधाऱ्यांना सर्वांत अवघड जातो.

प्रश्न उभा राहतो तो त्यानंतर. चार वर्षे उलटल्यावरही मूल दिवसातून बराच काळ आणि जोर लावून अंगठा चोखत असेल, तर पुढचे दात बाहेर येऊ लागतात, वरच्या व खालच्या दातांत फट राहते. सहाव्या वर्षाच्या सुमारास कायमचे दात येऊ लागतात, म्हणून दंतवैद्य त्याआधी ही सवय सुटावी असे म्हणतात. नखे कुरतडणाऱ्या मुलांना नखुरडे होते, बोटांची टोके सुजतात, नखांखालच्या मातीबरोबर जंतांची अंडी पोटात जातात. केस उपटण्याचे परिणाम मात्र डोळ्यांना दिसतात आणि मनालाही लागतात. डोक्यावर टक्कल पडते, भुवया विरळ होतात, शाळेत चिडवणे सुरू होते. काही मुले उपटलेला केस तोंडात घालतात आणि गिळतात. केस पचत नाही. तो जठरात साचतो, त्याचा गोळा बनतो, आणि क्वचित त्याची शेपटी आतड्यात उतरते. १९६८ मध्ये शल्यवैद्यांनी या अवस्थेला परीकथेतील लांब केसांच्या राजकन्येवरून ‘रॅपुन्झेल’ हे नाव दिले. नाव काव्यमय असले तरी त्यावर उपाय शस्त्रक्रियेचाच असतो.

येथे एक गमतीची गोष्ट सांगण्याचा मोह होतो. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरी १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे एक हजार मुलांचा अभ्यास तेथील संशोधक आजतागायत करीत आहेत. २०१६ साली त्यांनी असे प्रसिद्ध केले की, तेराव्या वर्षी केलेल्या त्वचेच्या चाचणीत, अंगठा न चोखणाऱ्या आणि नखे न खाणाऱ्या मुलांपैकी ४९ टक्के मुलांत कशाची ना कशाची ॲलर्जी आढळली. एक सवय असणाऱ्यांत हे प्रमाण ४० टक्के आणि दोन्ही सवयी असणाऱ्यांत ३१ टक्के होते. दम्याच्या बाबतीत मात्र असा फरक दिसला नाही. याचा अर्थ मुलांना नखे खावयास शिकवा असा नव्हे, आणि त्या संशोधकांनीही तसे म्हटलेले नाही. पण ज्या गोष्टीवरून आपण मुलाच्या हातावर फटका मारतो, ती गोष्ट सर्वस्वी अमंगळ नाही, एवढे तरी ध्यानात यावे.

आता माझा स्वतःचा अनुभव. तो सांगण्यापूर्वी मी माझ्या मुलीची परवानगी घेतली आहे. ती आता नववीत शिकते. आपले नाव सांगायचे नाही आणि छायाचित्र दाखवायचे नाही, या दोन अटींवर तिने परवानगी दिली.

ती चार वर्षांची असताना माझी बदली झाली. त्याच वर्षी तिच्या पाठीवर मुलगा झाला. नवे गाव, नवे घर, घरात नवे बाळ आणि आईचा बहुतेक वेळ त्या बाळापाशी. ती पहिल्यापासून झोपताना डाव्या हाताचा अंगठा चोखत असे. त्या पावसाळ्यात तिचा उजवा हातही कामाला लागला. अंगठा तोंडात गेला की उजव्या हाताची बोटे उजव्या कानामागच्या केसांत जाऊ लागली. ती केस गुंडाळी, ओढी, तोडी. महिन्या-दीड महिन्यात तेथे रुपयाएवढी जागा उघडी पडली.

आम्हाला प्रथम ते कळलेच नाही. माझ्या आईने पाहिले आणि ‘चाई पडली’ असे निदान केले. शेजाऱ्यांनी सुचविलेले लेप झाले. मग एके दुपारी माझ्या पत्नीने मुलीला प्रत्यक्ष केस उपटताना पाहिले. त्या दिवसापासून आमच्या घरात जे सुरू झाले ते मी आपणांस जसेच्या तसे सांगतो, कारण या सभागृहातील पुष्कळांच्या घरी थोड्याफार फरकाने तेच चालते.

पहिल्यांदा समजावणे झाले. मग रागावणे झाले. मग अंगठ्याला कडुनिंबाच्या पाल्याचा रस लावला. तिने तो पुसून टाकला. कोणी मिरची लावावयास सांगितले. ती लावली, आणि झोपेत तोच हात डोळ्याला लागून पोर अर्धी रात्र रडली. मग न्हाव्याकडे नेऊन डोक्याचा गोटा केला. केसच नाहीत तर उपटणार काय, असा आमचा हिशेब. केस बोटभर वाढताच बोटे पूर्वीच्या जागी परतली. शेवटी एके रात्री मी तिचे दोन्ही हात माझ्या हातरुमालाने बांधले. ती रडली नाही. माझ्याकडे बघत पडून राहिली आणि केव्हातरी झोपली. त्यानंतर संध्याकाळी कचेरीतून परतल्यावर माझ्या पावलांचा आवाज झाला की ती दोन्ही हात पाठीमागे लपवून उभी राहू लागली. मी आलो की मूल धावत येण्याऐवजी हात लपविते, हे दृश्य मी पंधरा-वीस दिवस पाहिले. सवय सुटली नव्हतीच. ती आता गोधडीखाली चालू होती.

त्यानंतर आम्ही एका शासकीय रुग्णालयाच्या बालविभागात गेलो. तेथील डॉक्टरांनी मुलीचे डोके भिंगाखाली पाहिले. चाईत जागा गुळगुळीत असते, तर उपटलेल्या जागी आखूड, लांब, तुटके असे निरनिराळ्या लांबीचे केस असतात, हे त्यांनी दाखविले. नायटा नाही, उवा नाहीत, याची खात्री केली. रक्तातील लोहाची तपासणी केली. केस गिळते का, पोट दुखते का, उलट्या होतात का, हे विचारले. मग मला म्हणाले, “साहेब, आजपासून आठवडाभर काहीही करू नका. रागावू नका, थांबवू नका, लेप लावू नका. फक्त लिहा.”

नोंदवही ठेवण्यात ज्याची हयात गेली अशा माणसाला हे काम मनासारखे होते. मी एका वहीत रकाने आखले : दिनांक, वेळ, जागा, मूल काय करीत होते, कोणता हात, किती वेळ. माझ्या पत्नीने नोंदी केल्या. आठवड्याअखेर ३१ नोंदी झाल्या. त्यांपैकी २४ नोंदी दोनच प्रसंगांच्या होत्या. एक, दुपारी बाळाला पाजताना मोठीला शेजारी निजविले जाई तेव्हा. दुसरा, संध्याकाळी ती एकटी दूरचित्रवाणीसमोर बसे तेव्हा. अंगणात खेळताना एकही नोंद नव्हती. जेवताना नव्हती. आणि एक विशेष गोष्ट त्या वहीने दाखविली : अंगठा तोंडात नसताना केसांना हात लागल्याची नोंद फक्त एकदा होती.

मूल हट्टी आहे, मुद्दाम करते, असे आम्ही चार महिने म्हणत होतो. वही सांगत होती की मूल एकटे, रिकामे आणि पेंगुळलेले असते तेव्हाच हे घडते, आणि बहुधा त्याच्या नकळत घडते.

सवयपालट पद्धती

या उपचाराचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९७३ साली अमेरिकेतील नेथन अझ्रिन आणि ग्रेगरी नन या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक निबंध प्रसिद्ध केला. अझ्रिन हे वर्तनशास्त्रज्ञ स्किनर यांचे शिष्य. नखे खाणे, अंगठा चोखणे, पापण्यांचे केस काढणे, मान वा खांदा झटकणे अशा सवयी असलेल्या १२ व्यक्तींवर त्यांनी आपली पद्धत वापरून पाहिली. अशा सवयी टिकून राहतात त्या मनात काही गूढ दडलेले असते म्हणून नव्हे, तर त्या अंगवळणी पडलेल्या असतात, करणाऱ्याला त्यांचे भान नसते आणि एका हालचालीतून दुसरी आपोआप निघत जाते म्हणून, असे त्यांचे प्रतिपादन होते. तेव्हा प्रथम भान आणावयाचे. मग हात तिकडे निघाला की त्याच हाताला त्याच वेळी करता येणारे दुसरे, निरुपद्रवी काम द्यावयाचे. आणि घरच्यांनी त्याचे कौतुक करावयाचे. मराठीत आपण यास ‘सवयपालट’ म्हणू. एकाच बैठकीत शिकवून पहिल्याच दिवशी सवयी जवळजवळ थांबल्या, असे त्यांनी नमूद केले आहे. पुढील काळात इतका झटपट गुण सर्वांनाच आला असे नाही, परंतु पद्धतीचा गाभा पन्नास वर्षे टिकून राहिला आहे.

मुठी आवळून धरणे हे त्या दुसऱ्या कामाचे अगदी सोपे उदाहरण. हात केसांकडे निघाला की मूठ मिटावयाची आणि मिनिटभर, मोठ्या मुलाने दोन-तीन मिनिटे, तशीच ठेवावयाची. मूठ मिटली असताना केस धरता येत नाही, नख तोंडात जात नाही, आणि चारचौघांत ते विचित्रही दिसत नाही. सात-आठ वर्षांच्या पुढील मुलांना हे स्वतः करता येते. आरशासमोर बसवून ‘हात कसा वर जातो ते हळूहळू करून दाखव बरे’ असे सांगितले की मूल स्वतःच चकित होते. आपला हात निघाल्याचे त्याला त्यापूर्वी कधी जाणवलेलेच नसते.

चार वर्षांच्या मुलाला मात्र एवढे भान कोठून असणार? म्हणून लहानांच्या बाबतीत उपचार मुलावर कमी आणि घरावर अधिक होतो. आमच्या डॉक्टरांनी दिलेल्या सूचना मी सांगतो. त्यांच्या मागचे कारणही सांगतो.

त्यांनी केसांकडे लक्षच देऊ नका म्हणून सांगितले. उपचार करावयाचा तो अंगठ्यावर. मला हे चमत्कारिक वाटले. टक्कल डोक्यावर आणि औषध अंगठ्याला! परंतु वही तेच सांगत होती. दोन सवयी एकमेकींना बांधलेल्या असतील तर एक सुटताच दुसरी सुटते. पुढे वाचताना मला आढळले की १९८७ साली अमेरिकेत दोन बालकांच्या बाबतीत नेमके हेच नोंदले गेले आहे. दोघांचेही फक्त अंगठा चोखणे थांबविण्यात आले आणि केस उपटणे, ज्यावर काहीच उपचार केला नव्हता, तेही बंद पडले.

अंगठ्यावर एक साधी कापडी पट्टी चिकटवावयाची, तीही मुलीने स्वतः निवडलेली. ही पट्टी शिक्षा नाही, आठवण आहे. झोपेत अंगठा तोंडाशी गेला की जीभ पट्टीला लागते आणि मूल भानावर येते. कडू औषध वापरू नये असे नाही. अंगठा चोखण्यावर कडू लेप आणि बक्षीस यांचा एकत्र वापर गुणकारी ठरल्याचे अभ्यास आहेत. पण तेथे मुलाला आधी सांगितलेले असते, त्याची संमती असते आणि लेपाबरोबर कौतुक असते. मी झोपलेल्या मुलीच्या बोटाला चोरून मिरची लावली होती. तो उपचार नव्हता, वचपा होता. तिखट कधीही लावू नये.

दुपारच्या झोपेची वेळ बदलावयाची. बाळाला पाजून झाल्यावर मोठीला निजवावयाचे आणि आईने पाच-दहा मिनिटे केवळ तिच्याजवळ पडावयाचे. या एका बदलाने वहीतील दुपारच्या नोंदी पहिल्याच आठवड्यात निम्म्यावर आल्या. निजताना हातात आईच्या जुन्या लुगड्याचा एक मऊ तुकडा, ज्याच्या दशा बोटांत गुंडाळता येतील. बोटांना गुंडाळण्याची ओढ असेल तर त्यांना गुंडाळावयास काहीतरी दिलेच पाहिजे. संध्याकाळी दूरचित्रवाणीसमोर एकटे बसवावयाचे नाही. बसलीच तर समोर परात, तीत वाटाण्याच्या शेंगा सोलावयास, नाहीतर कणकेचा गोळा. माझ्या आईने यात पुढाकार घेतला. ‘चाई’ म्हणणारी हीच माझी आई पुढे रोज संध्याकाळी नातीला घेऊन वाती वळीत बसू लागली. केसांना तेल लावून ते घट्ट बांधावयाचे, कारण तेलकट केस बोटातून निसटतो.

सर्वांत महत्त्वाची सूचना बक्षिसाची होती, आणि आम्ही तीच प्रथम चुकविली. ‘महिनाभर अंगठा चोखला नाहीस तर सायकल’ असे मी जाहीर केले. डॉक्टर हसले. म्हणाले, चार वर्षांच्या मुलाला महिना म्हणजे काय ते कळत नाही. त्याला दहा मिनिटे कळतात. स्वयंपाकघरातील गजर दहा मिनिटांवर लावा. तेवढ्या वेळात अंगठा तोंडात गेला नाही तर भिंतीवरच्या कागदावर एक चांदणी, आणि पाठीवरून हात. गेला तर काही बोलू नका, गजर पुन्हा लावा. दहाची पंधरा करा, मग अर्धा तास. पाच चांदण्या झाल्या की तिच्या आवडीची एखादी गोष्ट, म्हणजे गोड खाऊ नव्हे, तर बाबांबरोबर बसस्थानकापर्यंत फेरी.

‘अंगठा तोंडात गेला तर काही बोलू नका’ हे वाक्य ऐकावयास सोपे आहे. मी आपणांस सांगतो, ते पाळणे हे या संपूर्ण उपचारातील सर्वांत कठीण काम होते. तोंडातून शब्द निघण्यापूर्वी मीच मूठ आवळून धरीत असे. एका अर्थी सवयपालटाचा उपचार घरात दोघांवर चालू होता.

सात आठवडे लागले. चौथ्या आठवड्यात तिला ताप आला आणि सर्व काही पुन्हा पूर्वपदावर गेल्यासारखे झाले. शाळेत प्रवेश घेतला तेव्हाही आठ दिवस बोटे केसांत गेली. अशी उलटी पावले पडतातच. त्या वेळी वही पुन्हा काढावी, चांदण्या पुन्हा सुरू कराव्यात. कानामागची जागा भरून आली. हात लपविणे मात्र त्याहून उशिरा गेले. ते कोणत्या दिवशी थांबले याची नोंद आमच्या वहीत नाही, कारण त्याचा रकाना मी आखलाच नव्हता.

शाळा आणि अंगणवाडी

येथे बसलेल्या सेविका भगिनींना व शिक्षिकांना दोन शब्द. मुलांच्या हातांना काम देण्याची परंपरा आपल्याच मातीतील आहे. बोर्डी आणि कोसबाड येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी आदिवासी बालकांसाठी बालवाड्या चालविल्या, तेव्हा परदेशी साधने परवडणारी नव्हती. त्यांनी बिया, शिंपले, पाने, माती अशा गावात मिळणाऱ्या वस्तूंनाच साधने बनविले. नखे खाणाऱ्या मुलाला मागच्या ओळीत बसवून हाताची घडी घालावयास सांगण्यापेक्षा, पुढे बसवून चिंचोके मोजावयास देणे केव्हाही श्रेयस्कर. त्याच्याकडे बोट दाखवून वर्गाला हसविणे मात्र सर्वथा टाळावे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ मधील कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक त्रास देण्यासही मनाई आहे. पट्टीने बोटांवर मारणे तर दूरच राहो, ‘नखेखाऊ’ हे टोपणनावही त्या कलमात बसू शकते.

शक्य असेल तेथे सेविकेने एक खूण ठरवावी. मूल आणि बाई यांच्यातच राहील अशी. बाईंनी आपल्या कानाला हात लावला की मुलाने मूठ मिटावयाची. वर्गाला कळत नाही, मुलाची लाज राहते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे, हा प्रश्न मला येथे येण्यापूर्वीच एका आजोबांनी विचारला. मूल केस गिळत असेल, पोटात दुखत असेल किंवा वारंवार उलट्या होत असतील, तर वाट पाहू नये. जखमा चिघळल्या असतील, टक्कल वाढत असेल, तर जावे. मुलाची बोलण्या-चालण्यातील वाढ मागे असेल तरीही जावे. आणि सवय एकाएकी सुरू झाली असून मूल कोणाला तरी किंवा कोठे जाण्याला भीत असेल, तर ती भीती प्रथम शोधावी. अशा वेळी अंगठा किंवा केस हे दुय्यम असतात. मांत्रिकाकडे नेऊन वेळ घालवू नये. पाच वर्षांच्या आतील मुलांमधील केस उपटणे बहुधा सौम्य असते आणि पुष्कळदा निघून जाते; दहा-बारा वर्षांच्या सुमारास सुरू होणारे अधिक चिवट असते आणि त्यास प्रशिक्षित मानसोपचाराची गरज लागते. मोठ्यांतील या विकारास फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ हालोपो यांनी १८८९ सालीच नाव दिले होते, म्हणजे तो आजच्या मोबाईलच्या काळाने जन्माला घातलेला नाही. गोळी देऊन हे थांबते का, असे पालक हमखास विचारतात. लहान मुलांच्या बाबतीत वर्तनोपचार हाच पहिला मार्ग मानला जातो.

दातांचे म्हणाल तर, अंगठा तोंडात टिकू नये म्हणून टाळूला बसविण्याचे उपकरण दंतवैद्य देतात. २०१५ साली उपलब्ध प्रयोगांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, त्यात हे उपकरण आणि वर्तनोपचार दोन्ही उपयोगी दिसले. मात्र प्रयोग थोडे होते आणि त्यांचा दर्जा उत्तम नव्हता, असेही आढावा घेणाऱ्यांनी प्रांजळपणे लिहिले आहे. घरचा उपाय आधी करून पाहावा आणि उपकरण नंतर, असे माझे सामान्य माणसाचे मत आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशपातळीवरील आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. या कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत व शाळांत तपासणीस येतात. त्या दिवशी वजन-उंचीबरोबर या सवयीचाही उल्लेख करावा. पुढील तपासणीसाठी मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविता येते. मानसिक आरोग्याविषयी दूरध्वनीवरून सल्ला देणारी ‘टेलिमानस’ ही विनामूल्य सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाली आहे. तिचा क्रमांक १४४१६ असा आहे. मुलापेक्षा आपलाच धीर सुटत चालला आहे असे वाटले तरी पालकांनी तो फिरविण्यास हरकत नाही. मला त्या वेळी असा क्रमांक मिळता तर रुमालाची वेळ कदाचित आली नसती.

प्रवेशद्वारापाशी आपणा सर्वांना एकेक कागद दिला आहे. त्यावर आमच्या वहीतील रकाने छापले आहेत, सात दिवसांसाठी. त्यात एक रकाना मी नव्याने वाढविला आहे : ‘मूल आपल्याला पाहून काय करते’. तो भरावयास विसरू नये. आपल्या शंका चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकाव्यात, नाव लिहिण्याची आवश्यकता नाही. डॉक्टरबाई आल्या आहेत. मी त्यांना विनंती करतो की त्यांनी पुढील सूत्रे हाती घ्यावीत.